वेताळघाटाला आलेला आहेर

हनुमान आणि मी मिळून एक गेम बनवला, आणि त्याच्या भावकीनं त्या गेमला आहेर केला. त्या आहेरापायी गेम दुकानातून उतरायची वेळ आली. हे असं एका दमात सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडं बघत राहतात, म्हणून नीट सांगते.

मी श्रेया. राहते पुंडलिकनगरला. गावाकडं आमची शेती आहे, ती चुलते बघतात. वडील नोकरीनिमित्त शहरात आले आणि इथलेच झाले. हनुमान माझ्याबरोबर कॉलेजला होता. त्याचं गाव बिडकीनच्या अलीकडं. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. चरायची रानं आता बरीचशी कंपन्यांच्या कुंपणात गेलीत, तरी त्याचे वडील मल्हारराव थोडी मेंढरं राखून आहेत. बाकी घर मजुरीवर आणि त्याची थोरली बहीण अंबिका चितेगावच्या एका कंपनीत जाते, तिच्या पगारावर चालतं. आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून आम्ही गेम बनवला. कोड हनुमानचा, चित्रं माझी, भांडणं दोघांची. त्यासाठी त्यानं पुण्याची नोकरी सोडली आणि मी दोन चांगली स्थळं.

गेमचं नाव 'वेताळघाट'. खेळणारा असतो मेंढपाळ, आणि त्याला आपला कळप भुताखेतांच्या घाटातून पलीकडं न्यायचा असतो. मेंढरं, कुत्री, घोडं, काठी, मंतरलेली हळद, हे सगळे पत्ते. वाटेत नवे पत्ते मिळतात ते आपल्या कॅटमध्ये घालायचे, नको ते काढून टाकायचे, आणि शेवटी वेताळापुढं उभं राहायचं. असे पत्ते जमवायचे गेम आवडणारे लोक जगभर आहेत, आणि ते लोक अतिशय किरकिरे असतात. हे माझं मत अभिप्राय वाचून झालेलं आहे.

एका मोठ्या परदेशी ऑनलाइन दुकानात गेम लागला आणि मी रोज सकाळी चहाबरोबर अभिप्राय वाचायला लागले. दुकानाची पद्धत अशी की गेम घेणारा अंगठा वर करतो किंवा खाली, आणि सोबत चार ओळी लिहितो. "चित्रं अप्रतिम, खेळ ठीक." या माणसाचं भलं होवो. "तिसऱ्यांदा खेळलं की सगळं तेच ते." तुला कुणी सांगितलं होतं तीनदा खेळायला? "मी कॅट पाच पत्त्यांवर आणला आणि वेताळाला झोपवला. हा गेम आहे की वजन कमी करायचा क्लास?" हे वाचून मी आधी हसले आणि मग दिवसभर चिडलेली होते. पोलंडच्या एका गृहस्थांनी कळवलं की हाडळीचे पाय उलटे काढले आहेत, ती चूक दुरुस्त करावी. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हनुमान मात्र शांत. "लोकांना जे वाटलं ते लिहिलं त्यांनी," म्हणायचा आणि दुरुस्तीला बसायचा. त्याला खंत होती ती वेगळी. गेम घरचा, कळप घरचा, कुत्र्याचं नावसुद्धा घरच्या कुत्र्याचं, आणि घरातल्या एकानंही तो खेळून बघितला नव्हता. म्हणून त्यानं फुकटात गेम उघडायचे कोड भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'आपला गेम आला आहे. खेळून बघा आणि अभिप्राय लिहा.' त्यावर नमस्काराचे भरपूर हात आले. बाकी काही नाही.

मग एका रविवारी दुपारी अभिप्रायांचा पूर आला. सगळे मराठीत, सगळ्यांचे अंगठे वर.

"लई भारी गेम. चि. हनुमान यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक कडूबा व समस्त मित्रमंडळ." "लई भारी गेम. धनगरवाड्याचा वाघ. शुभेच्छुक मालनबाई आप्पाराव." "उद्घाटनास येऊ शकलो नाही, क्षमस्व. गेम लई भारी." एकामागून एक तीसेक तरी असतील. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा मजकूर कुणीतरी खाली उतरवून घेतल्यासारखं दिसत होतं, फक्त फोटो आणि गॉगल नव्हते. त्या सगळ्यांत एकच अंगठा खाली होता. नावाच्या जागी नुसता आकडा होता आणि लिहिलं होतं, "चित्रं चांगली आहेत. वेताळ फार लवकर मरतो. एवढ्या घाटाला घाबरण्यासारखं काही नाही."

"हे कोण?" हनुमान म्हणाला. त्याला ते लागलं होतं.

"असेल कुणीतरी शहाणा," मी म्हटलं. मला त्या तीस अंगठ्यांचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. आमच्या नावापुढं 'संमिश्र' होतं तिथं संध्याकाळपर्यंत 'बहुतांशी चांगला' दिसायला लागलं.

बुधवारी दुकानाचं पत्र आलं. भाषा अगदी सभ्य. एकाच ठिकाणाहून, एकाच इंटरनेटवरून, एका दुपारी इतके अभिप्राय आले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी गेम एकदाही उघडलेला नाही. हे लोक बनवणाऱ्यांच्या नात्यातले असतील तर त्यांनी आपले अभिप्राय स्वतः काढून घ्यावेत. महिनाअखेरपर्यंत तसं झालं नाही, तर गेम विक्रीतून काढला जाईल आणि परत घेतला जाणार नाही.

हनुमाननं अंबिकाला फोन लावला. ती कंपनीत जेवणाच्या सुट्टीत होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "आप्पानं नातवाचं जावळ काढलं ना रविवारी. समदे जमलेले. जेवणं झाली आन् आप्पानं माईक हातात घेतला. म्हणले, हनुमाननं मोठं काम केलंय, प्रत्येक घराचा आहेर झाला पायजे. मला बसवलं खाटंवर. एकेकाचं नाव पुकारायचे, तो फोन घेऊन यायचा, मी त्याचं खातं उघडायचे आन् अंगठा दाबायचे."

"आणि लिहिलं कुणी?" मी विचारलं.

"मीच. जेवून सुस्तावलेल्या माणसाला काय सुचतंय? म्हणायचे, लिव्ह तूच काहीतरी चांगलं."

आप्पा म्हणजे आप्पाराव, हनुमानचे थोरले चुलते आणि भावकीतला शेवटचा शब्द. मी डोक्याला हात लावला. हनुमाननं अभिप्राय मागितला होता. त्यांच्या लेखी घरच्या पोरानं काही मोठं काढलं की प्रत्येक उंबऱ्यातून आहेर जातो. लग्नात पातेलं आहेर करणारा माणूस त्यात आधी भात शिजवून बघतो का? तसंच हेही त्यांनी गेम न उघडता केलं होतं.

"साधी गोष्ट आहे," मी म्हटलं. "ग्रुपवर टाक की काढून घ्या म्हणून. मी लिहून देते मेसेज."

लिहूनही दिला, चांगला नम्र. हनुमाननं तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"आहेर परत घेऊन जा म्हणू? श्रेया, आमच्यात आहेर नाकारला तर पुढं तीन पिढ्या बोलणं बंद राहतं. माझ्या वडलांच्या, आबांच्या चुलत्यानं एकदा एक धोतरजोडी परत केली होती. त्यांच्या घरी आम्ही अजून पाणी पीत नाही."

"मग गेम जाऊ दे?"

त्यानं पालथा फोन आणखी लांब सरकवला. मला इतका राग आला की मी खाली निघून गेले. दोन वर्षं आम्ही त्या खोलीत घाम गाळला होता. उन्हाळ्यात कूलरसुद्धा लॅपटॉपकडं तोंड करून ठेवायचो. आणि आता तीस माणसांनी तीस बटणं दाबायची, तर मध्ये कुणाच्या तरी चुलत्याची धोतरजोडी. अंबिकाला सांगून परस्पर काढून टाकावं म्हटलं, तर खाती ज्याच्या त्याच्या नंबरावर होती, ओटीपी ज्याच्या त्याच्या फोनवर येणार. आणि परस्पर काढायला हनुमान तयारही नव्हता. त्याच्या मते ती चोरी होती.

तो गावाकडं गेला. घरी अर्ध्या ताटावरून उठला तेव्हा त्याची आई, रत्नमालाबाई, त्याला काय झालं ते विचारत बसली आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आहेर परत देत नसत्यात, ते बरुबर हाय. पर आहेर आला की परतीचा आहेर करावा लागतोय. तो कुठं केलाय आपण? ते राहिलंच की."

हनुमाननं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता. बेत असा ठरला: सगळ्यांना रीतसर बोलवायचं, पुरुषांना टोपी-टॉवेल, बायकांना खण, कुंकू लावून मान द्यायचा. देणं-घेणं दोन्हीकडून पूर्ण झालं की तो आहेर फिटला. फिटलेला आहेर उतरवून ठेवला तर कुणाचा अपमान होत नाही.

"आणि ते ऐकतील?"

"माय म्हणते ऐकतील. आप्पाचं मात्र सांगता येत नाही."

अभिप्रायाच्या बदल्यात कुणाला काही देऊ नये असा दुकानाचा नियम आहे, तो मी पाठ केलेला होता. अभिप्राय परत घेतल्याबद्दल टॉवेल देता येतो का, यावर नियम गप्प होता. मी गुलमंडीच्या बाजारातून टोप्या आणि खण घेतले आणि शनिवारी गाडी काढली.

आप्पारावांच्या अंगणात मांडव अजून जावळाचाच होता. माणसं जमली होती, बाया ओसरीत, चहा फिरत होता. मल्हारराव कडेला उकिडवे बसले होते, डोक्यावर पागोटं. हनुमान सांगायचा, गेमविषयी आबा आजवर एकदाही बोलले नाहीत, चांगलं नाही आणि वाईटही नाही. आप्पारावांना कुणकुण लागलेली दिसत होती. ते खाटेवर असे बसले होते की आमच्याकडं त्यांची फक्त पाठ होती.

मी बोलणार होते, पण रत्नमालाबाईंनी माझा हात दाबला. बोलायचं हनुमाननंच होतं.

तो उभा राहिला. "आप्पा, तुम्ही समद्यांनी जे केलं ते मला पोचलं," तो म्हणाला. "तुमच्यामुळं नाव वर गेलं. आता परतीचा आहेर घ्या आमचा. आन् एक मागणं हाय. ते अंगठे आता मोकळे करा. दुकानवाल्याला आपलं नातं समजलं. त्याच्याकडं घरच्यांनी बोलायची रीत नाय. अंगठे ऱ्हायले तर तो गेम काढून टाकील."

आप्पाराव वळले. "म्हंजी आमचं खोटं ठरलं व्हय?"

"खोटं नाय आप्पा."

"घरच्यांनी चांगलं बोलायचं नाय, मग कुणी बोलायचं? दुश्मनानं?"

"व्हय," हनुमान म्हणाला. "ज्याला माझं काही पडलेलं नाय, त्यानं."

चहाचा ट्रे फिरवणारी सूनबाई जागच्या जागी थांबली. मला वाटलं, संपलं. गेम गेला, आणि गेम गेला तर गेला, या पोराचं घरही गेलं. खरंच घाबरले होते मी.

तेवढ्यात आप्पारावांच्या बायको, मालनबाई, ओसरीतून उठल्या. "कुठला रंग हाय बघू," म्हणत त्यांनी माझ्या मांडीवरच्या ढिगातून खण उचलले, हिरवा बाजूला ठेवला, जांभळा घेतला, रत्नमालाबाईंपुढं कपाळ केलं आणि कुंकू लावून घेतल्यावर कमरेचा फोन काढून अंबिकाच्या हातात दिला. "काढ गं ते लई भारी," त्या म्हणाल्या. "मला तसंबी ठावं नव्हतं काय लिवलंय ते."

कुणीतरी हसलं. मग कडूबा आला, मग एकेक जण. रत्नमालाबाई कुंकू लावत होत्या, हनुमान एकेकाला टोपी घालून त्याच्या पाया पडत होता, अंबिका ओटीपी विचारत होती. मी लॅपटॉपवर बघत होते. 'बहुतांशी चांगला' गेलं आणि 'संमिश्र' परत आलं. आप्पाराव सगळ्यांत शेवटी. त्यांनी टोपी फिरवून फिरवून पाहिली, घातली, आरसा मागितला आणि मग फोन दिला. "पर रीतीनं झालं," ते म्हणाले. "तसं व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं असतं तर मी तोंड बघितलं नसतं."

माझा मेसेज अजून फोनमध्ये होता. तो मी तिथल्या तिथं पुसून टाकला.

"माझाबी काढायचा ना?" अंबिकानं विचारलं.

"तुझा कुठला, आक्का?" हनुमान म्हणाला.

"तो अंगठा खाली हाय ना, तो."

हनुमान तिच्याकडं बघतच राहिला. "ते तू लिहिलंस?"

"मग. तीस माणसांचं लई भारी लिहून बोटं दुखली माझी. शेवटी म्हटलं, निदान स्वतःचं तरी खरं लिहू. मी खेळलेय रे. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता, दोनदा." तिनं बटण दाबलं आणि तेवढा एक खरा अभिप्रायही गेला. नातं ते नातं, दुकानाला काय फरक.

दुकानाला मी त्याच संध्याकाळी कळवलं आणि पुढच्या आठवड्यात उत्तर आलं की प्रकरण मिटलं, गेम विक्रीत राहील. ते इथंच सांगून टाकते, कारण त्या अंगणात पुढं जे झालं त्यात दुकानाचा काही संबंध नाही.

आप्पाराव नवी टोपी नीट करत म्हणाले, "आहेर केला, फिटला. आता दाव की काय हाय ते. आमी तर बघितलंबी नाय."

खाटेवर लॅपटॉप ठेवला आणि भोवती सगळी भावकी. आता कुणावर चांगलं बोलायची जबाबदारी नव्हती, आणि ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"ही मेंढी हाय का बकरी?" मालनबाईंनी विचारलं.

"मेंढीच आहे," मी म्हटलं.

"कान बघ की. असे कान घेऊन ती आमच्या कळपात आली असती तर बाकीच्यांनी हाकलली असती."

मला झोंबलं. त्या मेंढीवर मी आठवडा घालवला होता. कडूबा म्हणाला की घोड्यावर एवढं सामान लादलंय तर तो चालेल कसा. आप्पाराव म्हणाले, "आन् कुत्रं रात्री झोपलेलं का दावलंय? रात्री झोपतं त्याला कुत्रं म्हणतेत व्हय?" पोलंडच्या गृहस्थांची मला आठवण झाली, ते यांच्यापेक्षा फार सौम्य होते. मी हनुमानकडं पाहिलं. मला वाटलं तो पडेल तोंडानं बसला असेल. तो हसत होता. प्रत्येकाला "व्हय, आणखी?" म्हणून विचारत होता. दुकानात गेम लागला त्या दिवशीसुद्धा मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"आबा, तुम्ही खेळता?" त्यानं विचारलं.

मल्हारराव उठून खाटेवर येऊन बसले. चष्मा लावला. अंबिका पत्ते वाचून दाखवायची आणि ते पडद्यावर बोट टेकवायचे. थोड्या वेळात हातात लंगडी मेंढी आली.

"ती काढून टाका, आबा," हनुमान म्हणाला. "ती ऱ्हायली की पुढं जड जातं."

"का काढू? माझीच हाय ना?"

पुढं म्हातारी मेंढी आली, आजारी कोकरू आलं. त्यांनी एकही काढलं नाही. कॅट फुगत गेला, हवा तो पत्ता हाती येईना, आणि वेताळापर्यंत पोचायच्या आत, अर्ध्या घाटातच भुतांनी त्यांचा सगळा कळप खाल्ला. पडदा काळा झाला. मल्हारराव काळ्या पडद्याकडं बघत बसले.

हनुमाननं खूप वेळ धीर गोळा केला असावा. "कसा वाटला, आबा?"

"नाय आवडला," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. पोरगा दोन वर्षं या एका प्रश्नाच्या उत्तराला थांबला होता. हनुमाननं मान खाली घातली आणि "बरं" म्हणाला. लॅपटॉप बंद करायला त्यानं हात पुढं केला.

मल्हाररावांनी तो हात बाजूला सारला. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

"लाव परत," ते म्हणाले.